न जुळणारं रक्त

सुमनअक्का सुरवाडेने माझ्यादेखत पहिल्यांदा माणसावर हात उचलला, तो माझ्या नोकरीचा चौथा दिवस होता. धुळ्यातल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. अक्का तिथली सगळ्यात जुनी टेक्निशियन. कागदोपत्री मी तिची साहेब होते. त्या दिवशी वॉर्डातला एक कर्मचारी, चांगला पन्नाशीचा गृहस्थ, दोन रुग्णांच्या रक्ताच्या नळ्या शर्टाच्या खिशात टाकून आला आणि आमच्या खिडकीशी उभा राहून, जरा आठवत आठवत, त्यांच्यावर नावं लिहायला लागला. अक्का उठली. ती दारातून बाहेर गेली, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावून त्याच्याच खिशात खोचलं आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो मागच्या बाकावर बसला. दोन्ही नळ्या तिने कचऱ्यात टाकल्या. "परत काढून आण. नाव पलंगापाशीच लिहायचं," एवढंच म्हणाली. साहेब म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी चहा मागवला.

मी फैजपूरची. आमच्या घरात मोठ्याने बोललं तरी आजी दचकायची. त्यामुळे पहिले सहा महिने मी अक्काला नुसती घाबरून होते. ती नशिराबादची, उंच, रुंद हाडांची. मनगटं एखाद्या पहिलवानाची असावीत तशी. त्याच मनगटांनी ती काचेच्या टाइलवर रक्ताचा थेंब असा अलगद सोडायची की बघत राहावं. टाइल ट्यूबलाइटकडे धरून हळूहळू कलती करायची आणि तेवढा वेळ श्वास घ्यायची नाही. थेंब एकसारखा वाहत राहिला तर ठीक. रव्यासारखे दाणे धरले तर समजायचं, एकाच्या रक्ताने दुसऱ्याच्या पेशी पकडल्या. मग ती दात आवळून म्हणायची, "धरलं." एखाद्या चोराला धरावं तसं.

खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला ती रुग्णाचं नाव तीनदा विचारायची. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, पुन्हा नाव. लोक वैतागायचे. "मावशी, आत्ताच तर सांगितलं." त्यावर ती म्हणायची, "मग पुन्हा सांगायला काय जातं?" बायकांना आणखी एक प्रश्न असायचा. किती बाळंतपणं झाली, किती मुलं राहिली, किती गेली. लोकांना ही नसती चौकशी वाटायची. मलाही वाटायची, कारण तो रकाना फॉर्मवर होता आणि वॉर्डातून भरून यायचा. अक्काचा फॉर्मवर विश्वास नव्हता.

दरवर्षी नर्सिंगच्या मुली आमच्याकडे शिकायला यायच्या. त्यांना शिकवायचं काम माझं. मी फळ्यावर आकृत्या काढायचे, मुली जांभया द्यायच्या. मग अक्का स्टूल ओढून मध्ये बसायची.

"ए, बी, ओ पाठ केलं म्हणजे रक्तगट कळला असं समजू नका," ती सांगायची. "लाल पेशीच्या अंगावर शेकडो खुणा असतात. ज्या खुणा तुझ्या पेशींवर आहेत, त्या तुझ्या शरीराला पाठ. जी नाही, ती परकी. ए-बीची परकी खूण दिसली की मारामारी जागच्या जागी. बाकीच्या खुणांचं तसं नाही. आमच्या नशिराबादला गल्लीत पहिल्यांदा परका माणूस शिरला की कुत्री नुसती मागे फिरतात, वास घेतात. तो जातो निघून. तोच माणूस दुसऱ्यांदा आला की कोपऱ्यावरच त्याचं धोतर फाडतात. शरीराचं तसंच. पहिल्या खेपेला वास घेतं. दुसऱ्या खेपेला फाडतं."

"म्हणजे काय करतं, अक्का?" एखादी विचारायची.

"परक्या पेशीला चिकटतं. भोकं पाडून फोडतं, नाहीतर धरून गिळतं. फुटल्या पेशींचा लाल रंग लघवीला उतरतो, मूत्रपिंडं बुजतात, पाठ फुटल्यासारखी दुखते, आणि माणूस मरतो. कुत्रं चावून थांबतं, हे थांबत नाही. आणि हे सगळं त्याचं शरीर त्याला वाचवण्यासाठी करत असतं."

मुलींच्या जांभया बंद व्हायच्या. मला मात्र राग यायचा. माझ्या तीन फळे भरून आकृत्या होत्या.

ती हे पुस्तकातून सांगत नव्हती. एकदा दुपारी डबा खाताना तिने मला सांगितलं की जळगावला नोकरीला लागल्याच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक माणूस गेला. एका आडनावाचे दोन रुग्ण शेजारच्या पलंगांवर होते. बाटली कोणाची, हे तिने आणणाऱ्याच्या तोंडी शब्दावर ठरवलं. पाव बाटली जाईपर्यंत त्या माणसाला अशी हुडहुडी भरली की लोखंडी पलंग फरशीवर सरकत गेला. त्याने सुई उपटून फेकली, भिंतीवर डोकं आपटलं. लघवी काळ्या चहासारखी झाली. तीन दिवस तो जिवंत होता आणि तिन्ही दिवस अक्का त्याच्या पायाशी उभी होती. "त्याच्या बायकोला मी सांगितलं, माझ्यामुळे गेला. तिला खरंच वाटलं नाही. मी बाई, म्हणून रडत बोलते असं तिला वाटलं." हे सांगून अक्काने डब्यातला शेवटचा घास खाल्ला. मी माझा डबा झाकून ठेवला.

आमच्याकडे नातेवाईक रक्त द्यायला येतात ते एकाच अटीवर, आमचं रक्त आमच्याच माणसाला लावा. नवऱ्याचं बायकोला, भावाचं बहिणीला. परक्याचं नको. किती समजावलं तरी पिशवीवर आपलं नाव दिसतंय का, हे वाकून बघतात. दाता कोण हे आम्ही सांगत नाही, तो नियमच आहे. पण एकदा एक चांगला शिकलेला माणूस खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "हे कोणाचं आहे? म्हणजे कोणत्या लोकांचं?" अक्काने त्याला आत बोलावलं. फ्रिज उघडला, त्याची मान मागून पकडली आणि डोकं आत घातलं. "हुंग. वासावरून कळतं का बघ." चार अंशांच्या गारव्यात तो तडफडत होता. मी धावले, तेव्हा तिने सोडलं. मग त्याच्या हातात पिशवी देऊन म्हणाली, "मी सुरवाडे. टेस्ट मी केली आहे. चालेल ना?" तो पिशवी घेऊन गेला. नंतर तक्रार आली, तिची एक पगारवाढ थांबली. मला हा प्रकार चुकीचा वाटला होता आणि आजही वाटतो. त्या दिवशी मात्र मला आतून बरं वाटलं, हेही खोटं नाही.

आता सरलाची गोष्ट. तिच्याशिवाय अक्का सांगता येणार नाही.

मे महिना होता, भर दुपारचे बारा. प्रसूती वॉर्डातून फोन आला. सरला नावाची बाई, शिरपूरकडच्या एका गावातली. मूल मेलेलं जन्मलं होतं आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट बी पॉझिटिव्ह, लगेच दोन पिशव्या हव्या होत्या. नवरा कैलास, त्याचाही गट तोच. त्याने आदल्या दिवशी रक्त दिलं होतं आणि त्याची तपासलेली पिशवी फ्रिजमध्ये तयार होती. सगळं इतकं सोयीचं होतं की मी देवाचे आभार मानले.

अक्काने सरलाचं रक्त आणि कैलासच्या पेशी एकत्र करून झटपट तपासणी केली. ती पाच मिनिटांची असते. दाणे धरले नाहीत. मी पिशवी सोडण्याच्या कागदावर सही करायला पेन उचललं. अक्काने फॉर्म पाहिला. बाळंतपणाच्या रकान्यात 'दोन' लिहिलं होतं. ती तशीच उठून बाहेर गेली. मी मागोमाग. दारात सात-आठ नातेवाईक होते. सरलाची सासू जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"सूनले कितला पोरे व्हयनात?" अक्काने अहिराणीत विचारलं.

"दोन. एक पोर, आन् हाई."

"मरेल धरीसन सांग."

सासूने मान खाली घातली. दारात सात माणसं ऐकत होती. मेलेली पोरं मोजायची नाहीत, त्यांचं नाव काढायचं नाही, ही तिच्या घरची रीत होती. नर्सने विचारलं तेव्हाही तिने हेच सांगितलं असणार, आणि तिच्या लेखी ते खोटं नव्हतं.

"चार," ती म्हणाली. "मधला दोन पिवया पडीसन मरी ग्यात."

अक्का आत आली आणि दार लावलं. मी पुन्हा पेन उचललं होतं. तिने माझं मनगट धरून असं पिरगळलं की पेन खाली पडलं. आठ दिवस तिथे निळा डाग होता.

"पोरी, त्या पोरांच्या अंगावर बापाची खूण होती," ती म्हणाली. "हिच्या शरीराने प्रत्येक बाळंतपणात ती पाहिली. त्या खुणेसाठीच दोन पोरं पिवळी करून मारली, आजचं पोटातच मारलं. आणि तू त्याच खुणेची बाटलीभर फौज तिच्या शिरेत सोडतेस?"

"पण तपासणीत काही आलं नाही."

"झटपट तपासणीत येणारच नाही. ऊब दे, धुऊन घे, मग कूम्ब्सचं द्रावण टाक, म्हणजे लपून चिकटलेलं दाणे धरतं. पंचवीस मिनिटं."

फ्रिजमध्ये कैलासची धरून बी पॉझिटिव्हच्या पाच पिशव्या होत्या. तिने पाचही एकदम तपासणीला लावल्या. वॉर्डाला सांगितलं, पाणी चढवत राहा, हाताने दाब देत राहा, पंचवीस मिनिटं काढा. तिकडचे डॉक्टर फोनवर माझ्यावर ओरडले. सेम ग्रुप आहे, नवऱ्याचं रक्त आहे, तुम्ही कशावर अडून बसला आहात? त्यांचं हे बोलणं वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या दिराने ऐकलं. विजय त्याचं नाव. दहाव्या मिनिटाला तो आमच्या दारावर लाथा घालत होता.

"मन्हा भाऊनं रगत शे ते. तुन्हा बापनं शे का?"

त्याच्यामागे बाकीचे. कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं, कोणी शिव्या देत होतं. आमचा चौकीदार केव्हाच पानटपरीकडे गेला होता. खिडकीची काच फुटली आणि एक वीट येऊन नोंदवहीवर पडली. अक्का ऊबदार पाण्यात ठेवलेल्या नळ्यांकडे पाठ करून, अंगाचा आडोसा करून उभी होती आणि घड्याळाकडे बघत होती. विटेचा दुसरा तुकडा तिच्या खांद्याला लागला. ती हलली नाही. मी तिला म्हटलं, देऊन टाकू या, अक्का, ही माणसं आपल्याला मारतील. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पंचविसाव्या मिनिटाला तिने पाचही नळ्या एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. कैलासच्या पेशी घट्ट गोळा झाल्या होत्या, विरजण लागावं तशा. आणखी दोन पिशव्यांनाही दाणे धरले होते. दोन मात्र स्वच्छ होत्या. तिने त्या दोन्ही माझ्या काखेत कोंबल्या, मागचं दार उघडलं आणि पाठीत धपका घालून मला बाहेर ढकललं. "पळ."

मी पळाले. मागच्या गल्लीतून, धुण्याच्या खोलीवरून, जिना चढून. गार पिशव्या अंगाला चिकटल्या होत्या आणि मागे दार मोडल्याचा आवाज आला, तरी मी वळले नाही. वॉर्डात सरला पांढरीफटक पडली होती, पण जिवंत होती. पहिली पिशवी लागली तेव्हा मी तिच्या लघवीच्या नळीकडे बघत उभी राहिले. अर्धा तास, एक तास. रंग बदलला नाही. शेवटी रक्तस्राव आवरला.

मागे काय झालं ते मी पाहिलं नाही. अक्काने सांगितलं तेवढं मला माहीत आहे. विजय आत शिरला आणि त्याने फ्रिजमधून भावाची पिशवी काढली. वॉर्डात नेऊन ती लावायला लावणार होता. तिथल्या घाबरलेल्या नर्सने बी पॉझिटिव्हची चिठ्ठी बघून लावलीही असती. अक्काला हे ठाऊक होतं. तिने कात्री उचलली आणि त्याच्या हातातच ती पिशवी फाडली. कैलासचं रक्त विजयच्या शर्टावर, तोंडावर, फरशीवर सांडलं. भावाचं रक्त असं मातीमोल झालेलं बघून तो पिसाळला. त्याने लोखंडी स्टूल उचललं.

अक्काच्या डाव्या गालाचं हाड मोडलं आणि डावा डोळा गेला.

सरला नवव्या दिवशी घरी गेली. जाण्याआधी डॉक्टरांनी कैलासला आणि सासूला समोर बसवून सांगितलं की पुढचं मूल वाचणार नाही आणि पुन्हा रक्तस्राव झाला तर जुळणारं रक्त मिळेलच असं नाही. मूल न होण्याचं ऑपरेशन करून घ्या म्हटल्यावर सासू म्हणाली, एकच पोरगी आहे, मुलगा झाल्याशिवाय कसं? कैलासने सामान उचललं.

केस उभी राहिली. आमचा कॅमेरा महिनाभर बंद होता, व्हिडिओ काढणाऱ्यांनी व्हिडिओ पुसले, आणि त्यांच्या घरची माणसं सोडली तर स्टूल मारताना पाहणारी एकटी अक्काच होती. सगळं तिच्या साक्षीवर होतं. दोन वर्षांत विजयच्या घरून किती माणसं आली, सरपंच आला, आमदाराचा माणूस आला. अक्का दारातूनच सगळ्यांना हाकलायची. "माफी भेटाव नही." मला तेच योग्य वाटत होतं. डोळा गेला होता बाईचा. सूक्ष्मदर्शकावर ती आता उजव्या डोळ्याने बघायची आणि सुईत दोरा ओवताना तिचा नेम चुकायचा, तेव्हा ती सुईला शिव्या द्यायची.

मग एके दिवशी सरला स्वतः आली. एकटीच, एसटीने. मी तिथेच होते. तिने विजयचं नावही काढलं नाही. ती अक्काला एवढंच म्हणाली की घरात पुन्हा मुलाचं चाललं आहे, आणि तिने स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं तर दुसरी आणतील, हेही उघड बोलतात. "अक्का, आते काय करू?" तिने विचारलं आणि पदर तोंडात धरून बसून राहिली. अक्काने तिला पाणी दिलं. अक्काची लालबुंद झालेली मान मला दिसत होती. मला वाटलं, आता ही टेबल उलथवते.

दुसऱ्याच दिवशी तिने कैलासला बोलावून घेतलं. विजय आणि सासूलाही. तिघं समोर उभे राहिले.

"आक्का, तुम्ही सांगशात ते करसूत," विजय म्हणाला.

"तू नाही करायचं. हा करेल," अक्का कैलासकडे बोट दाखवून म्हणाली. "ऑपरेशन. बायकोचं नाही, तुझं. मग मी कोर्टात बोलते काय बोलायचं ते."

सासूने छाती बडवली. कैलासचा चेहरा असा झाला की जणू त्याला भर चौकात उघडं केलं. गावात तोंड कसं दाखवू, म्हणाला. अक्का म्हणाली, भाऊ तुरुंगात गेल्यावर दाखवतोस तसं दाखव. तो तिच्या अंगावर धावून आला, आणि विजयनेच त्याला मागून धरलं. मी अक्काला नंतर म्हटलं, ही जबरदस्ती आहे. माणसाच्या शरीराचा असा सौदा करू नये. आणि खोटी साक्ष म्हणजे गुन्हा. ती म्हणाली, "हो."

कैलासने ऑपरेशन करून घेतलं. पण ते झालं म्हणजे लगेच भागत नाही, तीन महिन्यांनी वीर्य तपासावं लागतं. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट त्याने आणला तो अक्काने न वाचता परत दिला. नमुना आपल्यासमोर मागून घेतला, स्वतः काच बनवली आणि उजवा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून बसली. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली, मग दुसरी बनवली, मग तिसरी. कैलास घामाघूम होऊन उभा होता. पाऊण तासाने तिने डोळा काढला. "एकबी नही," म्हणाली आणि हात धुवायला गेली.

साक्षीच्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. सरकारी वकिलांनी विजयकडे बोट दाखवून विचारलं, यांना ओळखता का? अक्काने त्याच्याकडे पाहायला मान पुरती डावीकडे वळवली. "नाही," ती म्हणाली. वकिलांनी पुन्हा विचारलं. "त्या दिवशी खूप माणसं होती. मारणारा हा नव्हता." वकिलांनी हातातले कागद टेबलावर आपटले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाहेर आवारात कैलास, सासू आणि सरला थांबले होते. विजय धावत आला आणि अक्काच्या पायाशी वाकला. तिने त्याला दंडाला धरून उभं केलं, नीट समोर घेतलं, आणि सगळा जोर काढून त्याच्या तोंडात मारली. त्याचा ओठ फुटला. आवारातले चार वकील वळून बघायला लागले. त्याने हात वर केला नाही. तिने सरलाला विचारलं, "बरी शे ना?" सरलाने मान डोलावली.

आम्ही फाटकाकडे निघालो. डाव्या हाताला एक मोटारसायकल उभी होती ती तिला दिसलीच नाही. तिची मांडी हँडलवर जोरात आदळली, ती कळवळली. मी तिचा हात धरायला गेले. तिने माझा हात झटकला.

"मन्हा डावा अंगले चाल," ती म्हणाली. "तिकडनं माले दिसस नही."

मी तिच्या डाव्या बाजूला आले आणि आम्ही स्टँडकडे चालू लागलो.